कामाचा ताण आणि साखर: मुंबईतल्या नोकरदाराने काय मोजावं, काय बदलावं

कामाच्या ताणाने मधुमेह होतो का? एकट्या ताणाने सहसा नाही, पण धोका वाढतो. युरोपातल्या १,२४,८०८ नोकरदारांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक कमी, अशा नोकऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी जास्त दिसला. याचा अर्थ शंभरातल्या पंधरा जणांना मधुमेह होतो असा नाही. जिथे दहा जणांना झाला असता तिथे साडेअकरा जणांना होतो, एवढाच.

साहेबाचा फोन येतो तेव्हा अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ही सोय पळण्यासाठी आहे. तुम्ही मात्र खुर्चीतच बसलेले असता आणि ती साखर वापरायला स्नायू हलत नाहीत. रोज असंच होत राहिलं तर रक्तातली साखर खाली आणणाऱ्या इन्सुलिनला शरीर पूर्वीइतकी दाद देत नाही आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. बाकीची भर ताणासोबत येणाऱ्या सवयी घालतात: रात्री साडेदहाचं जेवण, पाच तासांची झोप, दिवसभर बसणं. ताण तुमच्या हातात नसला तरी या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी असतात.

पायरी १: टेप घ्या आणि गुण मोजा

पँटचा नंबर म्हणजे कमरेचं माप नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे ३४ची पँट घालणाऱ्याचं खरं माप ३८ इंच निघू शकतं. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, अंगावरच टेप आडवी ठेवा. श्वास सहज सोडा आणि मगच आकडा वाचा. पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० सेंमी (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांत ८० सेंमी (साडेएकतीस इंच) इथून धोका सुरू होतो.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५मध्ये मधुमेहाचा धोका ओळखायला भारतीयांसाठी चार प्रश्नांची गुणपद्धत दिली.

वय: ३५च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नास आणि पुढे ३०.
कंबर: पुरुष ९०च्या आत ०, ९० ते ९९ असेल तर १०, १०० आणि पुढे २०. स्त्रियांसाठी हेच आकडे १० सेंमीने कमी.
हालचाल: नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
आईवडील: कुणालाही मधुमेह नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

समजा वय ४२, कंबर ९६, बसून काम, व्यायाम नाही, आईला मधुमेह. २० + १० + ३० + १० = ७०. साठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. तपासणी याच महिन्यात करून घ्या. लोकलमध्ये तासभर उभं राहणं व्यायामात धरू नका. उगाच दहा गुणांची सूट मिळते.

पायरी २: तपासणी नीट करा

इथेच सर्वात जास्त घोळ होतात. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. रात्री पावणेबाराला जेवून सकाळी सातला लॅबमध्ये गेलात तर आठ तास भरत नाहीत. 'फक्त अर्धा कप चहा घेतला' हेही चालत नाही. जेवणानंतरच्या तपासणीत दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. ताप असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना आलेला आकडा फसवा असतो. रात्रपाळी करून तसंच लॅबमध्ये जाऊ नका, एक रात्र झोपून मग जा.

उपाशीपोटी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) १००च्या आत सामान्य, १०० ते १२५ मधुमेहाची पूर्वावस्था, १२६ आणि पुढे मधुमेह. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ टक्क्यांच्या आत सामान्य, ५.७ ते ६.४ पूर्वावस्था, ६.५ आणि पुढे मधुमेह. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी खोटा वर दिसू शकतो. स्त्रियांनी हिमोग्लोबिन सोबतच पाहावं. लक्षणं काही नसतील तर एका आकड्यावर निदान होत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते.

घरच्या ग्लुकोमीटरवर निदान ठरवू नका. चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, म्हणजे खरा आकडा ११८ असला तर यंत्रावर १०० दिसेल किंवा १३५ही. आंबा चिरलेल्या हाताने सुई टोचलीत तर आंब्याचीच साखर मोजली जाते. आधी हात धुवा, नीट पुसा.

खर्चाची अडचण असेल तर महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त विचारा. फार तहान, वारंवार लघवी आणि वजन आपोआप उतरणं अशी लक्षणं असतील तर पुढच्या पायऱ्या राहू द्या, आधी डॉक्टरकडे जा.

पायरी ३: सात दिवसांची वही

वेळ, काय घडलं, तोंडात काय गेलं. एवढे तीनच रकाने. 'ताण जास्त' असं लिहू नका. 'दुपारी ४.१०, क्लायंटचा फोन, कटिंग आणि दोन बिस्किटं' असं लिहा. आठवड्यानंतर वेळा आपोआप उठून दिसतात, बहुतेकांच्या वहीत चारच्या पुढे.

आता कटिंग मोजा. एका कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरली तर पाच कटिंगचे साडेसात चमचे, म्हणजे तीस ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हणते. चहा सोडायची गरज नाही. दोन घ्या, त्यातला एक बिनसाखरेचा.

पायरी ४: संध्याकाळचं जेवण दोन भागांत

ऑफिस सुटतं साडेसातला, घर कल्याण किंवा विरारला, ताटावर बसेपर्यंत दहा. मधली भूक फलाटावरच्या वडापावावर भागते आणि घरी वर पूर्ण जेवणही होतं. त्याऐवजी डब्यात एक पोळी आणि भाजी जास्त न्या आणि सात वाजता निघण्याआधी खा. तेही जमत नसेल तर भाजलेले चणे-शेंगदाणे, एक मूठ. घरी मग भाजी, आमटी, कोशिंबीर आणि थोडासाच भात, आणि भात शेवटी; भाजी-डाळ आधी पोटात गेली की साखर सावकाश चढते.

आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. जेवणाच्या वेळा हलल्या की साखर एकदम खाली जाऊ शकते.

पायरी ५: खुर्चीतून उठा

दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं चाला. पाण्याची बाटली मोठी ठेवू नका, छोटा ग्लास ठेवा. उठावंच लागतं. दुपारच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं खाली फेरी मारा, कारण त्याच वेळी साखर वर चढत असते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे ध्येय ठेवा. एक स्टेशन आधी उतरून वीस मिनिटं चाललात तरी सहा दिवसांत १२० मिनिटं होतात. पावसाळ्यात हे बारगळतं, तेव्हा इमारतीचा जिना वापरा.

पूर्वावस्था असेल आणि वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के उतरवा. ७५ किलोच्या माणसाला हे चार-पाच किलो होतात. चेन्नईत झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्वावस्थेतल्या भारतीयांनी आहार आणि रोजचं चालणं सांभाळलं. त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, तेही वजन फारसं न उतरता.

पायरी ६: झोप आणि ऑफिसशी बोलणं

एक-दोन रात्री झोप कमी झाली तरी इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण पाळीआधी करावं आणि मध्यरात्र ते पहाट पोटभर खाणं टाळावं.

'मला खूप ताण आहे' असं साहेबांना सांगून काही हलत नाही. एक नेमकी गोष्ट मागा: 'एक ते दीड मीटिंग नको' किंवा 'रात्री नऊनंतरचे मेसेज सकाळी पाहीन'. मन फारच खचत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत.

दीर्घ श्वसनाने डोकं शांत होतं, झोपायच्या आधी जरूर करा. पण त्याने रिपोर्टातला आकडा उतरेल या भरवशावर राहू नका.

पायरी ७: पुन्हा मोजा

कमरेचं माप तीन महिन्यांनी. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे महिनाभरातच पुन्हा काढण्यात पैसे वाया जातात. पूर्वावस्था असेल तर निदान वर्षातून एकदा तपासणी करा. सारं सामान्य असलं पण गुण साठ किंवा वर असतील, तरीही दरवर्षी करा, आणि त्या दिवशी सकाळची नऊची मीटिंग आधीच पुढे ढकलून ठेवा.