कळांची भीती वाटतेय म्हणून सिझर? आधी एवढं करून बघा

मी डूला आहे, म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत बाईच्या शेजारी थांबणारी. हल्ली बऱ्याच पहिलटकरणी पहिल्या भेटीतच म्हणतात, ताई मला नाही सहन होणार, सरळ सिझरच करू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने झालेलं दिसतं, आणि देशभरात सरकारी दवाखान्यांत १४ टक्के तर खाजगीत ४७! म्हणून दवाखाना निवडताना रूम आणि पार्किंग नंतर बघा.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सातव्यात गेल्या गेल्या तिथल्या डॉक्टरांना भेटा, नवव्यात फाईल घेऊन गेलात तर बोलायला वेळच उरत नाही. विचारायचं काय, तर तुमच्याकडे पहिलटकरणींचं सिझर किती होतं, तारीख उलटली तर किती दिवस थांबता, कळांमध्ये चालू-फिरू देता का, एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, मिळेल का (घेतलं तर त्यात कमीपणा काहीच नाही), सोबत कोण थांबू शकतं. सरकारी दवाखान्यातही सोबतीला एक बाईमाणूस ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिलीय, हे सांगायला लाजू नका. नाळेचा वेढा दिसला म्हणून घाबरवलं तर शांतपणे विचारा, बाळाचे ठोके कसे आहेत? नुसत्या वेढ्यावरून सिझर ठरत नाही.

कळा सुरू झाल्या की लगेच बॅग उचलून पळू नका, गर्भपिशवीचं तोंड साधारण ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिल्या खेपेला खूप लांबतो आणि तो पलंगावर पडून, दर तासाला "अजून किती?" ऐकत काढला की बाई थकते, घाबरते, आणि मग घरचेच म्हणतात करून टाका हो डॉक्टर. घरी असाल तर पेज घ्या, कोमट पाण्याने अंघोळ करा, झोप लागली तर झोपा. पण पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, दिवस भरायच्या आधीच कळा आल्या किंवा डॉक्टरांनी लवकर या सांगितलं असेल तर त्याच क्षणी निघा.

कळ येते तेव्हा बाईला उभ्याने पलंगावर हात टेकून पुढे झुकू द्या आणि मागून माकडहाडाच्या जरा वर तळहाताने घट्ट दाबून धरा, चोळू नका, दाबूनच. ती "आई गंऽऽ" म्हणत असेल तर गप्प बस नका म्हणू, तो आवाज खालच्या पट्टीत लांबवायला सांगा, जबडा सैल पडला की अंगही सैल पडतं. हे नवऱ्याला, आईला आधी शिकवून ठेवा आणि फोन सायलेंट करा, आत्या-मावश्यांचे "झालं का?" तिला ऐकूच येऊ नयेत.

आणि वार खाली असेल, बाळ आडवं असेल, बाळाचे ठोके कमी होत असतील तर सिझर जीव वाचवतं, तिथे हट्ट करू नका प्लीज. ऑपरेशन थिएटरमध्येच बाळ छातीवर द्याल का हे आधीच विचारून ठेवा, आणि डिस्चार्ज पेपरवर सिझरचं कारण आणि पिशवीवरचा छेद कसा घेतला ते लिहून घ्या, पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा तर डॉक्टर आधी तेच विचारतात.