स्पोर्ट बाइकच्या आरशात कोपरांऐवजी रस्ता दिसण्यासाठी

यामाहा आर१५ सारख्या, आरसे फेअरिंगवर (गाडीच्या पुढच्या बाहेरील आवरणावर) बसवलेल्या गाडीवर पुढे झुकले की आरशाचा बराच भाग आपल्याच कोपरांनी व्यापला जातो.

१. गाडी साइड स्टँडवर असताना आरसे लावू नयेत. कोणाला तरी ती सरळ धरायला सांगावे आणि नेहमीचे जॅकेट व हेल्मेट घालून, चालवताना जसे झुकतो तसेच बसून आरसे लावावेत, कारण ताठ बसून लावलेला आरसा झुकल्यावर रस्त्याऐवजी आभाळ दाखवतो.

२. कोपराची बारीक कड आतल्या काठाशी उरेपर्यंत आरसा बाहेर वळवावा. क्षितिज साधारण मध्यावर ठेवावे.

३. मागे पाहताना त्या बाजूचे कोपर क्षणभर अंगाशी घ्यावे. बहुतेकांचे काम एवढ्यावरच भागते, आणि माझ्या मते सुटे भाग विकत घेण्याआधी हे करून पाहावेच.

४. तरीही अडचण राहिली, तर आरशाच्या बुडाखाली बसणारे एक्स्टेंडर (आरसा आणखी बाहेर सरकवणारे तुकडे) मूळ बोल्टांच्याच जाडीच्या, पण जास्त लांब बोल्टांसह लावावेत.

बहिर्वक्र आरशात मागचे वाहन असते त्यापेक्षा दूर भासते, म्हणून लेन बदलण्यापूर्वी खांद्यावरून एकदा मागे पाहावेच.