आयपॉड, वॉकमन, एमपीथ्री प्लेअर पाण्यात भिजला? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बडोद्यात कितीतरी घरांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. टीव्ही, फ्रिज, गाड्या यांची धावपळ आधी झाली आणि ड्रॉवरमधले जुने आयपॉड, वॉकमन नंतर चिखलासकट हाताला लागले. कोणी म्हणेल फोनवर सगळी गाणी मिळतात, मग हे कशाला.. पण गायकवाडांच्या वेळेपासून गाण्याचं वेड असलेलं हे गाव, इथे लोकांच्या प्लेअरमधे गुरूंनी शिकवलेल्या बंदिशी, घरातल्या बैठकी, आजीच्या आवाजातल्या आरत्या असतात आणि त्या दुसरीकडे कुठेच नसतात. म्हणून हे लिहितेय, कारण भिजलेला प्लेअर बऱ्याचदा वाचू शकतो, भिजल्यावर आपण जे काही करतो त्यानं तो कायमचा जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "चालू होतो का बघू" म्हणून बटण दाबणं, किंवा चार्जरला लावणं. पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट गेला की बोर्डावरच्या (आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या) तांब्याच्या बारीक रेषा झिजायला लागतात आणि हिरवट-पांढरी पूड धरते, शॉर्ट झालं तर आयसी (बोर्डावरची काळी चिप) जागच्या जागी उडतो. आणि बंद आहे म्हणजे सेफ आहे असंही नाही, आयपॉड क्लासिक (आत हार्ड डिस्क असलेला) प्ले दाबून बंद केला तरी तो नुसता झोपतो, होल्डचं बटण फक्त बाकीची बटणं लॉक करतं, बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते. म्हणून आधी बॅटरी सोडवा. सेलवाला वॉकमन असेल तर सेल त्याच मिनिटाला बाहेर.

क्लासिक उघडताना घाई केली तर दुसरं नुकसान होतं. मागचं स्टीलचं झाकण आतल्या क्लिपांनी धरलेलं असतं, प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून कडेकडेनं सरकत जायचं. झाकण सुटलं की झटक्यात ओढू नका!! बॅटरी आणि हेडफोन जॅक दोन्ही झाकणाच्या बाजूला असतात आणि तिथून कागदासारख्या पातळ पट्ट्या बोर्डावर जातात, त्या फाटल्या की झालं. बोटभर फट करून आत बघा, बॅटरीच्या पट्टीच्या सॉकेटवर एक छोटं तपकिरी लॉक दिसेल, ते नखानं हळूच वर करा, मग पट्टी आपोआप सुटते.

आता तांदूळ. भिजलेला प्लेअर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यानं फक्त वेळ जातो. वरचं पाणी उघड्या हवेतही वाळतं, पण पुराच्या पाण्यातली माती आणि क्षार बोर्डावर तसेच बसून राहतात, वर तांदळाची पूड जॅकमधे जाते. वाळवण्याआधी धुवायला लागतं, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. बॅटरी, हार्ड डिस्क, स्क्रीन सगळं वेगळं करून नुसता बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरनं धुवा (इन्व्हर्टरमधे घालतो ते पाणी, ॲसिड नाही, लेबल वाचा), मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मऊ टूथब्रशनं घासा, खास करून सॉकेटच्या आत आणि आयसीच्या कडेला. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. थिनरनं प्लॅस्टिक विरघळतं. हे अल्कोहोल लगेच पेट घेतं, तेव्हा स्वयंपाकघरात नको, खिडकी उघडी ठेवून करा. हार्ड डिस्क मात्र कशातच बुडवायची नाही, तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून आत गेलं तर संपलं.

हेअर ड्रायर, कडक ऊन, तव्यावर ठेवणं.. नको. पाणी आणखी आत ढकललं जातं, गोंद सुटतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता म्हणजे धोकाच. पंख्याखाली एकदोन दिवस ठेवा. भिजलेली बॅटरी परत वापरूच नका, नवीन टाका. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत देऊ नका, ई-वेस्ट घेणाऱ्याकडेच द्या.

एका कानातच आवाज येतोय? आधी दुसरा हेडफोन लावून बघा, मग जॅक साफ करा, लगेच बोर्डाला दोष देऊ नका. कॅसेटवाल्या वॉकमनमधे मोटर फिरते पण टेप चालत नाही तर बहुतेक बेल्ट सैल झालाय किंवा चिकट होऊन वितळलाय, तिथे तेल सोडू नका, बेल्ट बदला.

आणि ही चूक तर अगदी जिव्हारी लागते. प्लेअर चालू झाला, कॉम्प्युटरला लावला, स्क्रीनवर "रिस्टोर करा" असं आलं आणि आपण ओके दाबलं.. रिस्टोर म्हणजे आतलं सगळं पुसणं. आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या गाण्याच्या शिकवण्या अशाच गेल्या, आयपॉड उत्तम चालतो पण रिकामा. त्याऐवजी मेन्यू आणि मधलं बटण धरून रीसेट करा (यानं तो नुसता परत सुरू होतो), सफरचंदाचं चिन्ह दिसलं की लगेच मधलं बटण आणि प्ले धरा, डिस्क मोड येतो, म्हणजे कॉम्प्युटरला तो साध्या डिस्कसारखा दिसतो. मग कॉम्प्युटरवर लपलेल्या फायली दिसतील असं सेटिंग करा, आयपॉड-कंट्रोल नावाच्या फोल्डरमधे म्युझिक आहे ते अख्खं कॉपी करा. फायलींची नावं चार अक्षरांची विचित्र असतील, घाबरू नका, गाण्याची माहिती बहुतेक वेळा फायलीच्या आतच असते. पण डिस्क टक-टक आवाज करत असेल तर परत परत चालू करून बघू नका, दर वेळी थोडी आणखी बिघडते, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

हे सगळं घरी जमणार नसेल तर रावपुऱ्यात मरीमाताच्या खांच्यात (गल्लीत) मोबाईल रिपेअरवाले आहेत. फक्त देताना स्पष्ट सांगा की आधी धुवायचं, हीट गन (गरम हवा मारायचं यंत्र) नाही, डेटा हवाय, विचारल्याशिवाय रिस्टोर नाही, आणि हे बिलावर लिहून घ्या.