अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद घालताय? या चुका टाळा

गेम, भटकी कुत्री, फटाके, भोंगे, मिसळ. विषय कुठलाही असो, कमेंटमधलं भांडण बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि समोरचा मूर्ख आहे असं दोघांनाही वाटत असतं. मूर्ख माणसं असतात, नाही असं नाही. पण एवढ्या सगळ्या भांडणांना पुरतील इतकी नसतात.

एका वाक्यात तीन भांडणं कोंबणं

"गेमचं व्यसन वाईटच. उगाच का सरकारने पबजी बंद केलं?" असं कुणीतरी लिहितं. खाली लगेच "मग आधी दारू बंद करा" येतं, त्याखाली "तुमच्या पिढीला काय कळतंय", आणि पाचव्या कमेंटला एकमेकांचे आईबाप निघतात.

घोळ पहिल्याच वाक्यात आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व ही कारणं देऊन. मुलं बिघडतात म्हणून नव्हे. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने भारतात आला, २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून गायब झाला, २०२३ मध्ये परतला.

व्यसनाचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ न सुटणं हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. भाच्याने रविवारी जेवणाच्या ताटावरही फोन सोडला नाही, एवढ्यावर त्याच्यावर हा शिक्का मारता येत नाही.

आणि पैशांचं प्रकरण तिसरंच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, मान्यताही दिली. त्यामुळे "बघा, सरकारनेच बंद केलं" म्हणणारा आणि "बघा, सरकारनेच मान्य केलं" म्हणणारा, दोघंही एकाच कायद्याचे अर्धे अर्धे तुकडे एकमेकांवर फेकत बसतात.

म्हणून उत्तर देण्याआधी विचारा: "तुम्ही व्यसनाबद्दल बोलताय, पैशांबद्दल की बंदीबद्दल?" हा प्रश्न खवचटपणे विचारलात तर तोच नव्या भांडणाचा नारळ ठरतो. सरळ विचारलात तर बरेच जण खरंच सांगतात, आणि मग कळतं की निम्म्या मुद्द्यावर आपलं एकमतच होतं.

तारीख न बघता निकाल फेकणं

भटक्या कुत्र्यांवरचा वाद बघा. सोसायटीच्या ग्रुपवर एक काका सर्वोच्च न्यायालयाचा आदेश टाकतात, की कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची, परत सोडायची नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई त्याच न्यायालयाचा आदेश टाकतात, की नसबंदी आणि लसीकरण करून आणलं तिथेच सोडायचं. दोघंही खोटं बोलत नाहीत. पहिला आदेश ११ ऑगस्ट २०२५ चा, दिल्ली आणि परिसरापुरता. दुसरा २२ ऑगस्टचा, त्यात बदल करणारा. रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी कुत्री त्यातही सोडायची नव्हतीच, आणि रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितलं होतं. ही ओळ ताई सहसा कापतात. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला.

तेव्हा "कोर्टाने सांगितलंय" असं म्हणू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या जागेबद्दल, ते लिहा, आणि त्यानंतर काही बदललं का तेही बघून घ्या. नुसती लिंक चिकटवू नका. त्यातलं आपल्या कामाचं वाक्य उचलून द्या. लिंक उघडून वाचणारे फार थोडे, आणि टाकणाराही त्यांच्यात असतोच असं नाही.

चवीच्या वादाला पुरावे मागणं

पुण्याची मिसळ की कोल्हापूरची, आमटीत गूळ की नको, या वादात कुणीही हरत नाही. खुशाल तोंडसुख घ्या. फक्त पदार्थावरून जातीवर आणि जिल्ह्यावर घसरलात की गंमत संपली.

कलमांची धमकी

"६६ए लावीन, मग कळेल" अशी धमकी अजूनही वाचायला मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती, एकीला फेसबुक पोस्टसाठी आणि दुसरीला त्या पोस्टला लाइक केलं म्हणून. तिथूनच ते प्रकरण न्यायालयात गेलं.

उलटी चूकही तितकीच होते: ६६ए गेलं म्हणजे आता काहीही लिहा. भारतीय न्याय संहितेत दोन गटांत तेढ वाढवण्यासाठी कलम १९६, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी २९९, धमकीसाठी ३५१ आणि बदनामीसाठी ३५६ आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला घाबरवणाऱ्यांसाठी: सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, तसा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

रागाच्या भरात आधी ब्लॉक करणं

नुसता वाद चिघळला असेल तर खुशाल ब्लॉक करा, कुणाला कारण सांगायची गरज नाही. पण समोरच्याने जिवाची धमकी दिली, घरचा पत्ता किंवा फोन नंबर सगळ्यांसमोर टाकला, फोटोशी छेडछाड केली, तर ब्लॉक शेवटी. बऱ्याच ठिकाणी ब्लॉक केल्यावर त्याचं प्रोफाइल आणि कमेंट आपल्यालाच दिसेनाशा होतात, आणि तोवर तो त्या काढूनही टाकतो. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कमेंटची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा (नाव आणि फोटो बदलायला मिनिटही लागत नाही), मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. धमकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करा. आणि जाताना स्क्रीनशॉटच्या छापील प्रती सोबत न्या.