कोल्हापूरच्या रस्त्यांवर रोडबाइकला कोणता टायर टिकेल?

रोडबाइकला, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलला, नवा टायर शोधण्याआधी जुन्या ट्यूबा बघा. हवा भरून पाण्याच्या बादलीत धरा आणि भोक नेमकं कुठं आहे ते पाहा. रिमच्या बाजूला असेल तर दोष टायरचा नाही. रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली असते किंवा स्पोकचं टोक टोचत असतं, आणि कितीही महागडा टायर घातला तरी ते पंक्चर होतच राहणार. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबून ट्यूब चिमटली गेली आहे. हवा कमी होती किंवा टायर अरुंद आहे. रस्त्याच्या बाजूला एकच भोक असेल, तरच पंक्चररोधक टायरचा विचार करायचा.

आपल्याकडे टोचणाऱ्या गोष्टी रस्त्यागणिक बदलतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत लेथवरचा लोखंडाचा चुरा रस्त्यावर सांडलेला असतो. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडे जाताना कडेला घेतलं की बाभूळ आणि सराटा. उसाच्या हंगामात त्यात बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे येतात. खिळा उभा घुसला तर कोणताच टायर वाचवत नाही, म्हणून तो हिशेबात धरू नका. बाकीच्यांपैकी तुम्हाला कशाचा त्रास जास्त आहे, त्यावर टायर ठरतो.

याचं कारण टायरच्या आतल्या थरात आहे. संरक्षण दोन तऱ्हेनं दिलं जातं. एक म्हणजे विणलेल्या मजबूत धाग्याची पट्टी: केवलार, व्हेक्ट्रान, पॉलिस्टर किंवा नायलॉन. ती काच आणि धारदार चुरा चांगला अडवते, वजन फारसं वाढवत नाही. पण ट्रकची तार केसासारखी बारीक असते. ती विणीतल्या फटीतून हळूहळू आत सरकते आणि काही किलोमीटरनंतर ट्यूबपर्यंत पोचते. दुसरी तऱ्हा म्हणजे लवचीक रबराचा जाड थर, तीन ते पाच मिलिमीटर. तार किंवा सराट्याचा काटा त्यातच रुतून बसतो, कारण त्याची लांबीच पुरत नाही. बदल्यात टायर जड होतो आणि चढावर पाय ते ओळखतात.

कॉन्टिनेन्टल गेटरस्किन पहिल्या प्रकारातला. त्याच्या बाजूच्या भिंतींनाही संरक्षक जाळी असते, त्यामुळे खडी लागून भिंत सहसा फाटत नाही. 28 मिमी रुंदीत वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याच कंपनीचा ग्रँड प्रिक्स फोर-सीझन थोडा महाग, पण ओल्या रस्त्यावर पकड चांगली. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यांनी तोच घ्यावा. श्वाल्बे मॅरेथॉन प्लस दुसऱ्या प्रकारातला, आत पाच मिमीचा थर. 28 मिमीत एक टायर पाऊण किलोच्या घरात जातो. रोज शिरोली एमआयडीसीत कामाला सायकलनं जात असाल तर हे वजन सोसण्यासारखं आहे. रविवारी पन्हाळा चढायचा असेल तर नाही.

टायरवरच्या नुसत्या टीपीआयच्या आकड्यावर विसंबू नका. हा एका इंचातल्या धाग्यांचा आकडा. जास्त असला तर आवरण पातळ आणि मऊ, कमी असला तर जाडसर. काही कंपन्या सगळ्या थरांची बेरीज छापतात: 3/180 म्हणजे 60 धाग्यांचे तीन थर.

पंक्चर कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रुंदी. 25 मिमीवरून 28 वर आलात की कमी हवेवरही ट्यूब सहसा चिमटत नाही, आणि मऊ टायर बारीक खड्यांवरून वाकून जातो. आधी जागा मोजा: टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), फ्रेम, ब्रेक यांच्यात सगळीकडून किमान चार मिमी मोकळे हवेत. रुंद रिमवर 28 चा टायर प्रत्यक्षात 29-30 भरतो. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत 28 बसेलच असं नाही. 70-75 किलोच्या माणसानं 28 मिमीला पुढे 65-70 आणि मागे 70-75 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं, 25 ला पुढे 80, मागे 85-90. हूकलेस रिम (आतल्या काठाला टायर धरणारा आकडा नसलेली) असेल तर 72 च्या वर जाऊ नका आणि रिमच्या कंपनीनं परवानगी दिलेलाच टायर घाला.

दोन्ही टायर सारखेच हवेत असं नाही. मागच्या चाकावर भार जास्त, शिवाय पुढच्या चाकानं उभी केलेली वस्तू मागच्यात घुसते. त्यामुळे मागे जाड थराचा, पुढे चांगल्या पकडीचा टायर ही जोडी आपल्याकडे फार सोयीची पडते.

असे टायर चढवायला घट्ट असतात. ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूनं करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आलात की शेवटच्या वीतभर जागेत सैलपणा मिळतो. तिथं स्क्रू ड्रायव्हर लावलात तर नवी ट्यूब कापली जाईल. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा, म्हणजे कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी ठेवा. पुढं पंक्चर झालं तर ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

पावसाळ्यात चाकाला चिखलाबरोबर काच चिकटते आणि ओलं रबर लवकर कापलं जातं. रोज फेरीनंतर टायर पुसा आणि रुतलेले तुकडे टाचणीनं काढा. चिरेतून आतले धागे दिसू लागले की टायर बदला. घरापासून लांब भिंत फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा सीटखालच्या पिशवीत ठेवा.