सामायिक निधीचा खेळ: सहकार्याचा प्रयोग कसा घ्यावा

माणसे सहकार्य केव्हा करतात आणि केव्हा हात आखडता घेतात, हे तपासायला सामायिक निधीचा खेळ फार उपयोगी पडतो; मुंबईत तो महाविद्यालयाच्या वर्गात किंवा सोसायटीच्या कार्यालयात एका संध्याकाळी घेता येतो.

सोळा जणांचे चार गट करावेत. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला 20 गुण द्यावेत. त्यांतले किती स्वतःकडे ठेवायचे आणि किती गटाच्या निधीत टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. जमलेला निधी 1.6 पट करून चौघांत सारखा वाटावा. चौघांनीही सगळे गुण टाकले तर प्रत्येकाला 32 मिळतात. तिघांनीच टाकले तर चौथ्या फुकट्याच्या हाती 44 येतात आणि इतरांच्या 24. हा हिशेब प्रत्येकाकडून सोडवून घेतल्याशिवाय खेळ सुरू करू नये, कारण नियमच न कळलेल्या माणसाच्या औदार्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरी मेहनत गुप्ततेवर घ्यावी. गिरगावातील एका चाळीत मी चौघांना चार-चार कॅरमच्या सोंगट्या देऊन हा खेळ घेतला होता; डब्यात सोंगटी पडल्याचा खट्ट आवाज खोलीभर ऐकू जाई आणि तो मोजून पुढचा आपली मूठ सैल करी. ती सगळी आकडेवारी मला बाद करावी लागली. म्हणून चिठ्ठीवर आकडा लिहून घ्यावा आणि काहीही न देणाऱ्यालाही शून्य लिहायला लावावे.

'वर्गणी' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तो उच्चारताच गणेशोत्सवाची पावती आणि शेजाऱ्यांची नजर आठवते. लिबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस यांच्या 2004 मधील अभ्यासात एकाच खेळाला 'वॉल स्ट्रीट' (अमेरिकेतील शेअर बाजाराची गल्ली) म्हटल्यावर सहकार्य घटले आणि 'कम्युनिटी' (समुदाय) म्हटल्यावर वाढले.

दहा फेऱ्या घ्याव्यात. साधारण निम्म्यापासून सुरू झालेले योगदान बहुधा फेरीगणिक घसरते. फिशबाकर, गेख्टर आणि फेर या संशोधकांना 2001 मध्ये आढळले की जवळपास निम्मे लोक इतर देतील त्या बेताने देतात. साहजिकच फुकटे दिसले की तेही हात आवरतात. नंतर, स्वतःचा 1 गुण खर्चून दुसऱ्याचे 3 कमी करण्याची, म्हणजे फुकट्याला दंड करण्याची, मुभा देऊन पुन्हा खेळवावे आणि फरक नोंदवावा.

गुणांचे पैसे ठरल्या दराने बंद पाकिटात द्यावेत. लोकल उशिरा धावतात, म्हणून दोघे जास्त बोलवावेत आणि जागा न मिळालेल्यांनाही कबूल केलेले मानधन द्यावे.