हेअर ट्रान्सप्लांट करताय? डॉक्टर निवडण्यापासून नवे केस येईपर्यंत या चुका टाळा

माझ्या ट्रान्सप्लांटनंतरचा विसावा दिवस. सकाळी उठलो तर उशीवर बारीक बारीक केस. डोकं धुवायला गेलो तर तळहातावर आणखी पंधरा-वीस. त्यातला एक चिमटीत धरून खिडकीपाशी नेला. टोकाला पांढरा ठिपका दिसला आणि माझी खात्रीच पटली की केस मुळासकट उपटला गेला, सगळं मातीत गेलं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "रक्त आलं का? नाही ना? मग निवांत राहा."

तो ठिपका काय होता ते पुढे येईलच. पण तेव्हापासून या वाटेवरचे अनेक जण भेटले, आणि त्यांच्या बहुतेक चुका ऑपरेशनच्या आधीच झालेल्या असतात असं माझं मत झालंय. नंतरच्या काळजीने त्या भरून निघत नाहीत.

केस का गळतायत हे न बघता तारीख ठरवणं

पुढून आणि टाळूवरून ठरावीक पद्धतीने केस विरळ होत जाणं, म्हणजे आपलं नेहमीचं आनुवंशिक टक्कल. ट्रान्सप्लांट मुख्यतः त्यासाठी आहे. चाई पडली असेल, थायरॉइड किंवा लोहाच्या कमतरतेमुळे केस जात असतील, टाळूला दाह होऊन केसांची मुळंच नष्ट होत असतील, तर आधी त्या आजाराचा इलाज. दाह चालू असताना लावलेले केसही त्याच दाहात जातात. बायकांमध्ये केस बऱ्याचदा सगळीकडूनच विरळ होतात, मागूनही. मग जिथून केस उचलायचे तीच जागा भरवशाची राहत नाही. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी भिंगातून किंवा डर्मोस्कोपने टाळू, आणि विशेषतः मागची बाजू, पाहिलीच पाहिजे. नुसत्या व्हॉट्सॲपच्या फोटोवरून "तुम्हाला तीन हजार ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट उचललेले केसांचे छोटे पुंजके) लागतील" असं सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

वयाचंही तसंच. बावीस-तेविसाव्या वर्षी कपाळ मोठं दिसायला लागलं की जीव कासावीस होतो, ते मान्य. पण त्या वयात टक्कल कुठपर्यंत जाणार हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. पुढचा भाग आज भरला आणि त्याच्या लगेच मागचे स्वतःचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर कपाळावर केसांची एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान असं चित्र तयार होतं.

"जितके ग्राफ्ट जास्त तितकं चांगलं" हा समज

हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे, म्हणून जरा थांबून गणित करू.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली जे मांडलं त्यावर हे सगळं शास्त्र उभं आहे: डोक्याच्या मागच्या भागातला केस पुढे नेऊन लावला तरी तो मागच्याच गुणाने वागतो, टिकतो. मात्र तो नवीन जन्माला येत नाही, फक्त जागा बदलतो. मागून एक काढला की मागे एक कमी. या जागेला डोनर एरिया म्हणतात आणि बहुतेकांच्या डोनरमधून आयुष्यभरात मिळून साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात. हे तुमचं मुद्दल. यात भर पडत नाही.

आता टेप घ्या. पुढचा मोकळा भाग १४ सेंटिमीटर रुंद आणि पुढून मागे ५ सेंटिमीटर धरला तर झाले ७० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे तर २,८०० ग्राफ्ट. मागे टाळूवर १० सेंटिमीटर व्यासाचा गोल मोकळा असेल तर तो जवळपास ७८ चौरस सेंटिमीटर. तिथे ३५च्या घनतेने लावले तरी २,७००. बेरीज ५,५००. म्हणजे दोन्ही जागा भरता भरता जन्माची शिल्लक संपली, आणि टक्कल पुढे सरकलं तर हातात काही नाही. मूळ घनता दर चौरस सेंटिमीटरला ८०च्या आसपास असते, तेव्हा "पूर्वीसारखे दाट" हे आश्वासन या गणितात बसतच नाही. चांगला डॉक्टर निम्म्या घनतेत दाट दिसण्याचा आभास निर्माण करतो. त्याचं कसब ते.

एका बैठकीत पाच-सहा हजार काढू म्हणणाऱ्याला विचारा, मागे काय उरेल? हावरटपणे उपसलेला डोनर कसर लागलेल्या कापडासारखा दिसतो आणि तो दुरुस्त करणं महाकठीण.

आकड्यांतली आणखी एक गंमत. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. त्यामुळे "चार हजार केस" आणि "चार हजार ग्राफ्ट" यांत दुपटीचा फरक पडू शकतो. करारात ग्राफ्ट लिहिलेत की केस, आणि त्यात एक केसाचे किती, दोनाचे किती, हे लेखी मागा.

सुरी कोणाच्या हातात आहे हे न विचारणं

कन्सल्टेशनला मोठे डॉक्टर, भिंतीवर प्रमाणपत्रं, आणि ऑपरेशनच्या दिवशी ते पाच मिनिटं रेघ आखून गायब. बाकी आठ तास टेक्निशियन. हे इतकं सर्रास चालतं की इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी या संघटनेला अशा परवाना नसलेल्या हातांविरुद्ध जगभर मोहीम चालवावी लागते.

टेक्निशियन असण्यात गैर काही नाही. ग्राफ्ट मोजणं, थंड द्रावणात ठेवणं, वेगळे करणं ही त्यांचीच कामं. पण त्वचेला छेद देण्याचं काम डॉक्टरांचं: भूल देणं, मागून पंचने (पोकळ, गोल धारेच्या अवजाराने) ग्राफ्ट सोडवणं, पुढे ज्या खाचांत ते बसणार त्या पाडणं. एफयूईचा, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याच्या पद्धतीचा, पंच साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. त्वचेखाली केसाचं मूळ ज्या कोनात जातं तो कोन हाताला कळला नाही तर मूळ कापलं जातं, आणि कापलेल्या मुळाचा भरवसा नाही. खाचांचा कोन चुकला तर केस उगवतात खरे, पण ब्रशच्या दातांसारखे उभे.

तेव्हा थेट विचारा: "पंच कोण चालवणार? खाचा कोण पाडणार? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती पेशंट आहेत?" उत्तर "आमची टीम" असं आलं तर पुन्हा विचारा. भुलीच्या औषधाचा डोस जास्त झाला तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून ऑक्सिजन आणि तातडीची औषधं आहेत का, हाही प्रश्न विचारायचाच. अशा प्रश्नांनी वैतागणारा डॉक्टर तिसऱ्या महिन्यातला तुमचा फोन उचलेल का, याचा अंदाज तिथेच येतो.

"सफायर", "डीएचआय", "रोबोटिक" या शब्दांना फार भुलू नका. ती अवजारं आहेत. "व्रणच राहत नाही" हेही खरं नाही. स्ट्रिप पद्धतीत (मागून त्वचेची पट्टी कापून ग्राफ्ट काढतात ती) एक लांब रेघ राहते, एफयूईत बारीक पांढरे ठिपके.

फोटो बघून हुरळून जाणं

आधीचा फोटो ओल्या केसांचा आणि डोक्यावर झगझगीत दिवा, नंतरचा वाळवून मागे वळवलेल्या लांब केसांचा. एवढ्याने निम्मं काम होतं. तोच प्रकाश, तोच कोन, केस तेवढेच लांब, कंगव्याने भांग पाडून जवळून दाखवलेली हेअरलाइन, आणि डोनरचाही फोटो असेल तरच बघण्यात अर्थ. शक्य असेल तर तुमच्यासारखंच टक्कल असलेला, वर्ष उलटून गेलेला पेशंट प्रत्यक्ष भेटवायला सांगा.

हेअरलाइनसाठी कॉलेजचा फोटो घेऊन जाण्याची चूक मीही केली होती. डॉक्टरांनी दोन भुवयांच्या मधून वर टेप लावला, आठ सेंटिमीटरवर खूण केली आणि विचारलं, "साठाव्या वर्षी ही रेघ तुमच्या चेहऱ्याला शोभेल का?" मला आणखी खाली हवी होती. आज बरं वाटतं त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या ओळीत एकेरी केसाचेच ग्राफ्ट हवेत, आणि ओळ जरा वेडीवाकडी हवी. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ लांबूनही ओळखू येते.

डॉक्टरांपासून औषधं लपवणं

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, रक्तदाब, फुगीर व्रण होण्याची सवय, सिगारेट: सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी ती दिली त्यांना विचारूनच ठरवा. सिगारेटने त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि लावलेल्या भागाची त्वचा काळी पडून मरण्याचा धोका वाढतो.

पहिल्या दहा दिवसांतल्या चुका

पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्ट केवळ गोठलेल्या रक्ताच्या आधाराने खाचेत बसलेला असतो. गाडीच्या दाराची चौकट, टी-शर्टचा गळा, लहान मुलाचा हात, काहीही पुरतं. म्हणून पुढून बटणं असलेला शर्ट. झोपताना पाठीवर, दोन-तीन उशा लावून, मान टेकवायला प्रवासातली गोल उशी. डोकं उंच ठेवलं की सूजही कमी येते.

सूज मात्र घाबरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरून उतरून ती डोळ्यांवर येते. आरशात ओळखू येत नाही आपणच. दोन-चार दिवसांत ओसरते. बर्फ कपाळाला लावा, ग्राफ्टवर अजिबात नाही.

धुण्याच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. काही जण भीतीने आठवडाभर पाणीच लावत नाहीत, मग खपल्यांचा जाड थर घट्ट बसतो. काही जण चौथ्या दिवशी नखाने खपली काढतात आणि खपलीबरोबर ग्राफ्ट येतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फेस करून वरून ठेवायचा, कपने पाणी ओतायचं, टॉवेलने घासायचं नाही. शॉवरची धार थेट डोक्यावर नको. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का होतो. त्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले की, बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवून भिजलेल्या खपल्या सोडवायच्या. हातांना त्या वेळी नख नावाची गोष्ट नाही असं समजायचं.

व्यायाम साधारण दोन आठवडे, पोहणं महिनाभर, कडक ऊन त्याहून जास्त काळ टाळा. हेल्मेट कधीपासून, हे विचारून घ्या. हा प्रश्न विचारायला जवळजवळ सगळे विसरतात.

एखादा ग्राफ्ट खरंच निसटला तर तिथून ठिपकाभर रक्त येतं आणि हातात केसाबरोबर मांसल कण दिसतो. स्वच्छ गॉझ दहा मिनिटं दाबून धरा आणि डॉक्टरांना कळवा. तो कण परत खोचण्याचा उद्योग करू नका.

विसाव्या दिवसाची घबराट

आता त्या पांढऱ्या ठिपक्याकडे. जागा बदलल्याच्या धक्क्याने मूळ विश्रांतीत जातं आणि वरची काडी सोडून देतं. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बरेचसे केस असे गळतात. टोकाला दिसतो तो गळणाऱ्या केसाचा नेहमीचा गोळा. मूळ त्वचेखाली शाबूत असतं. शेजारचे मूळचे केसही काही दिवस गळतात, त्यातले सशक्त असतील ते परत येतात.

मग येतो सगळ्यात वाईट काळ, दुसरा-तिसरा महिना. आधीपेक्षाही वाईट दिसतं. नवे केस त्वचेतून वर येताना पुटकुळ्या येतात, टाळू बधिर वाटते, मध्येच खाज. याच काळात लोक तेलं, सीरम, पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाच्या इंजेक्शनांची) पॅकेजं विकत घेतात. कुणाच्या सांगण्यावरून काहीही चोपडू नका. एखाद-दुसऱ्या पुटकुळीला कोमट पाण्याचा शेक पुरतो, फोडायची नाही.

वाट न बघता फोन करायची लक्षणं वेगळी आहेत: दिवसागणिक वाढणारी वेदना, पू, ताप, न थांबणारा रक्तस्राव, त्वचेचा काळपट किंवा जांभळट पडत जाणारा डाग.

"झालं एकदाचं" म्हणून औषधं सोडणं

लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मधले मूळचे केस आनुवंशिक टकलाच्या तडाख्यात आहेतच. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधं त्यांच्यासाठी असतात. फिनास्टेराइडचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम काहींना होतात, त्यामुळे ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचं. ते घेणाऱ्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना तसं सांगावं, कारण त्याने आकडा साधारण निम्मा दिसतो. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

उगवण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, सहाव्या ते नवव्यात फरक डोळ्यांना दिसतो, बाराव्यात निकाल. टाळूच्या मागच्या भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. पाचव्या महिन्यात "कमी आलेत, दुसरी बैठक करून टाकू" म्हणणारा पेशंट आणि त्याला लगेच हो म्हणणारा डॉक्टर, दोघंही घाई करतायत. मी दर महिन्याच्या एक तारखेला त्याच बाथरूममध्ये, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा एक फोटो काढायचो. पाचव्या महिन्याचा फोटो अजून फोनमध्ये आहे. त्यात उजव्या बाजूला अगदी बोटभर रुंदीचा पट्टा रिकामा दिसतो. तो भरला अकराव्या महिन्यात.